रात्री बारा वीसचं ऊन

ढाणकीच्या बाजारात माझा लहानसा स्टुडिओ आहे. आता तिथं पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच चालतं, पण दहा-बारा वर्षांपूर्वी मी व्हिडिओवर जगत होतो. लग्न, साक्षगंध, वाढदिवस, शाळेचं गॅदरिंग. कॅमेरा एकच होता. यवतमाळच्या एका शूटिंगवाल्यानं वापरून विकलेला, तळहातात मावणारा. चित्र छान यायचं. पण त्याला एक खोड होती. तो मध्येच गोठायचा. बटण दाबा, बॅटरी काढून लावा, काही उपयोग नाही.

त्याच्यावर उपाय एकच. कॅमेऱ्याचा छोटा पडदा उघडला की खालच्या बाजूला मुंगीच्या डोळ्याएवढं भोक होतं, शेजारी बारीक अक्षरांत 'रिसेट' लिहिलेलं. त्यात टाचणी खुपसायची. कॅमेरा लगेच जिवंत व्हायचा, पण मागचं सगळं विसरून. घड्याळ थेट एक जानेवारीच्या मध्यरात्रीवर जायचं, आणि साल कुठलंतरी जुनं. शिवाय पडद्याचं बोट चुकायचं, म्हणजे आपण एकाला हात लावायचा आणि भलतंच उघडायचं. ते जुळवायला कॅलिब्रेशन करावं लागे. पडद्याच्या एकेका कोपऱ्यात फुली येते, ती मेमरी कार्डाच्या टोकानं बरोबर मधोमध टेकायची, हात न हलवता. एक चुकली की पहिल्यापासून. ते झालं की मग तारीख, मग वेळ. सगळं धरून सात-आठ मिनिटं जायची. ती न घालवता नुसतं 'पुढे, पुढे' करत गेलं तरी शूटिंग सुरळीत व्हायचं, फक्त कोपऱ्यातली तारीख चुकीची राहायची. लग्नात ते कोण पाहतं? तारीख पत्रिकेवर असतेच. मला 'पुढे, पुढे'ची सवय लागली होती.

जवळच्याच एका गावातल्या दोन बायका एक दिवस स्टुडिओत आल्या. एक त्यांच्या बचत गटाची अध्यक्ष, कपडे शिवणारी, उंच, बोलायला खणखणीत. दुसरी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. पन्नाशीची असेल. गाव तिला खिचडीवाली काकू म्हणायचं, मीही पुढे काकूच म्हणायला लागलो.

त्यांना गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं होतं. त्याची रीत अशी की बायकांनी सह्यांचा अर्ज द्यायचा. मग साहेब लोक गावात येतात, एकेकीला समोर बोलावून सही तिचीच का ते तपासतात. पुरेशा बायका निघाल्या तर मतदान लागतं. या गावाची तपासणी एकदा झाली होती आणि बायका कमी पडल्या होत्या. कागदावर आलं, 'उर्वरित महिला वेळेत उपस्थित राहिल्या नाहीत.'

"वेळेत म्हंजे?" अध्यक्षबाई माझ्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "आमी रांगेत होतो ना भाऊ. दार लावलं त्याहीनं अन् आमी भाईर. आता पुन्हा तपासनी हाय. या वक्ती आमच्यापाशी बी कायी पाह्यजे. तुमी दिवसभर शूटिंग घ्या. कोन किती वाजता रांगेत होतं, ते दिसलं पाह्यजे." मग तिनं विचारलं, "तुमचा कॅमेरा खोटं तं नाही बोलत ना?"

मी हसलो. म्हणालो, "बाई, कॅमेरा कायले खोटं बोलन?"

मी सहज विचारलं, "काकू, तुमच्या घरी कोण पितं?"

"माह्या घरी कोनी नाही पेत, भाऊ. बुडा माळकरी हाय." मग म्हणाली, "पन पोट्टे सकाळी शाळेत येतेत. रातभर घरात भांडन. खिचडी खाता खाता ताटावर झोपतेत. एकाच्या नाकात भात गेलता."

तपासणीच्या दिवशी मला न्यायला काकूच ॲटो घेऊन आली. उन्हाळा लागलेला होता. गावाचा रस्ता खोदून ठेवला होता, मुरूम नुसता उडत होता. मी तिपाई आणि छत्री धरली. कॅमेऱ्याची थैली काकूनं मागून घेतली, मांडीवर ठेवली, वरून पदराचे दोन पदर केले आणि दह्याचं भांडं नेल्यासारखी, हलू न देता घेऊन बसली. गचका आला की ती स्वतः उचलली जायची, थैली नाही.

शाळेच्या आवारात बायका जमायला लागल्या होत्या. मी तिपाई लावली, कॅमेरा चढवला, चालू केला आणि तो गोठला. पडदा पांढरा. हालचाल नाही. चारचौघींसमोर बेअब्रू नको म्हणून मी कॅमेरा काढून स्वयंपाकाच्या टिनाच्या शेडमागं गेलो. काकू माझ्या मागं आली.

"काय झालं, भाऊ?"

"कायी नाही. पिन आहे का एखादी?"

तिनं बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढून दिली. मी ती भोकात खुपसली. कॅमेरा उठला. पहिली फुली आली, टेकली. दुसरी टेकली. तिसरीला घामानं कार्ड निसटलं, पुन्हा पहिली आली. असं चार-पाच वेळा झालं. काकू मान वाकवून पाहत होती.

"काय करून राह्यले?"

"त्याले नीट दिसावं म्हणून करून राह्यलो."

तेवढ्यात समोरून आवाज आला, "आले! साहेब आले!" जीप फाटकातून आत येत होती. साहेब आल्यापासूनचं सगळं घ्यायचं असं ठरलेलं होतं. मी फुल्या सोडल्या, 'पुढे, पुढे' केलं, आणि कॅमेरा शूटिंगला तयार झाला. कोपऱ्यात एक जानेवारी. टोचल्यापासूनची फुल्यांची झटापट धरून त्याच्या घड्याळात मध्यरात्रीनंतर वीस मिनिटं झाली होती.

"झालं?" काकूनं विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि तिची पिन तिला परत दिली.

त्या दिवशी मी काम चांगलं केलं. हे मी स्वतःची बाजू म्हणून सांगत नाही, पण ते खरं आहे. साहेबांची जीप, टेबल लावणं, पहिली बाई, रांग कुठवर गेली आहे, सगळं घेतलं. एकेक चेहरा घेतला. पाठीत वाकलेल्या म्हाताऱ्या, अंगावर पिणारी पोरं घेतलेल्या, कामावरची सुट्टी काढून आलेल्या. ऊन चढलं तसा कॅमेरा तापायला लागला आणि पडद्यावर काही दिसेना. काकूनं छत्री उघडली आणि माझ्या शेजारी उभी राहून कॅमेऱ्यावर धरली. दुपारपासून संध्याकाळपर्यंत ती तशीच उभी होती. मध्ये तिची पाळी आली तेव्हा छत्री दुसरीकडे देऊन आत गेली, सही दाखवून आली आणि परत छत्री घेतली.

आणि मला दुपारी तारखेची आठवण झाली होती. हे सांगितलंच पाहिजे. जेवायला बसलो होतो. पिठलं-भाकरीचं ताट हातात होतं आणि मला आठवलं की घड्याळ लावायचं राहिलं. मनात आलं, आता बदलली तर अर्ध्या व्हिडिओवर एक तारीख आणि अर्ध्यावर दुसरी, ते अजूनच विचित्र दिसेल. तेव्हा हे कारण मला पटलं. खरं कारण असं की उन्हात बसून पुन्हा फुल्या टेकायचा मला कंटाळा आला होता.

संध्याकाळी पाचला तपासणीच्या खोलीचं दार लागलं. बाहेर रांग तशीच होती. बायका ओरडायला लागल्या, साहेब म्हणाले वेळ संपली, या बायका उशिरा आल्या. अध्यक्षबाईनं गर्दीतूनच माझ्याकडं पाहिलं. "भाऊ, घेतलं ना सारं?"

"सगळं घेतलं," मी ओरडून सांगितलं. तिच्या तोंडावर तेव्हा हसू आलं होतं.

महिन्या-दीड महिन्यानं यवतमाळला सुनावणी लागली. बायकांनी मलाही बोलावलं, मशीनबद्दल कुणी काही विचारलं तर सांगायला. दहा-बाराजणी आल्या होत्या. खोली लहान, पंखा आवाज करत होता. साहेबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला होता आणि दुकानवाल्याचा वकील त्याच्याजवळ उभा होता. व्हिडिओ सुरू झाला. जीप फाटकातून आत येते, बायका बाजूला होतात.

"एक मिनिट," वकील म्हणाला. "साहेब, कोपऱ्यात पाहा. हा व्हिडिओ एक जानेवारीचा आहे. रात्रीचे बारा वाजून वीस मिनिटं झालेली आहेत." त्यानं थोडं थांबून घेतलं. "आणि वर ऊन पाहा."

खोलीत हशा झाला. साहेबही हसले. वकील म्हणाला, "आणि सालाचं म्हणाल, तर त्या साली ही शाळेची खोली बांधलीसुद्धा नव्हती." पुन्हा हशा. बायका हसल्या नाहीत. त्यांना कशाला हसतात ते आधी कळलंच नाही. मग अध्यक्षबाई लॅपटॉपकडं वाकून कोपऱ्यातलं वाचायला लागली आणि वाचून माझ्याकडं वळली.

"शूटिंग कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

मी उभा राहिलो.

"तारीख अशी कशी?"

तेव्हा काय काय मनात आलं ते मी नंतर पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे. माझे वडील तहसिलीत कारकून होते, तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. सभा, पंचनामे, निवडणुका यांच्या सरकारी शूटिंगसाठी त्यांनी खटपट करून माझं नाव त्याच आठवड्यात दिलं होतं. त्या खोलीत त्यांचे ओळखीचे दोघेजण बसले होते. पण नुसतं तेवढं नव्हतं. लोक हसले होते. मला ते हसणं माझ्यावरून दुसरीकडं जायला हवं होतं.

मी म्हणालो, "साहेब, घड्याळ मी स्टुडिओतूनच लावून निघालो होतो. रस्ता खराब होता. कॅमेरा माझ्या हातात नव्हता, या बाईंच्या मांडीवर होता. एखादं बटण दाबल्या गेलं असेल."

आणि मी काकूकडं बोट दाखवलं.

काकू उठली. पदर सारखा केला. "हो साहेब. माह्या मांडीवर होता."

"तुम्ही बटण दाबलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता की संशय नव्हता. मी सांगेन ते खरं, अशी ती नजर होती. शेडमागं पिन देताना तिनं सगळं पाहिलं होतं, पण काय पाहिलं ते तिला ठाऊक नव्हतं. मला होतं.

"मले त्यातलं समजत नाही, साहेब," ती म्हणाली. "दाबल्या गेलं असन."

साहेबांनी लिहून घेतलं. निकालाच्या कागदात ते पुढं आलंच, की चित्रीकरणाचं उपकरण दुसऱ्या व्यक्तीच्या ताब्यात होतं, म्हणून ते विश्वासार्ह धरता येत नाही. अर्ज फेटाळला गेला. पुन्हा अर्ज करायला वर्षभर थांबावं लागणार होतं.

परतीच्या एसटीत बायका मागं बसल्या आणि काकू पुढं एकटी, खिडकीशी. नेहमी तिच्या शेजारी बसणारी अध्यक्षबाई त्या दिवशी मागं गेली. मी मधल्या सीटवर होतो. आर्णी सोडल्यावर डोकं जरा थंड झालं आणि माझ्या लक्षात एक गोष्ट आली. तपासणीचे साहेब गावात कधी आले ते सरकारी वहीत लिहिलेलं होतं, सकाळी अकरा. माझ्या व्हिडिओत त्यांची जीप फाटकातून येते तेव्हा बारा वीस. म्हणजे तारीख खोटी असली तरी तिथून पुढं घड्याळ बरोबरच चाललं होतं. तिथून तास मोजले असते तर दार बंद व्हायच्या आधी, साडेचारलाच, त्या सगळ्या रांगेत उभ्या होत्या हे कुणालाही दिसलं असतं. मी उभा राहून एवढंच सांगायचं होतं की साहेब, जीप आली तेव्हाच मी कॅमेरा नव्यानं चालू केला, तारीख लावली नाही ही माझी चूक, इथून मोजा. लोक आणखी थोडे हसले असते. पण बायकांचं काम झालं असतं.

महागाव येईपर्यंत मी ते मनात तीनदा मोजून पाहिलं. तिन्ही वेळा बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी जाऊन अर्ज देता आला असता, त्याच्या दुसऱ्या दिवशीही. मी गेलो नाही. सरकारी कामाची यादी लागली, त्यात माझं नाव होतं.

पावसाळ्यात त्याच शाळेत वह्यावाटपाचा कार्यक्रम होता, तेव्हा मी फोटो काढायला गेलो. शेडमध्ये खिचडीच्या मोठ्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, एक तरुण बाई वाकली होती. मी हेडमास्तरांना विचारलं, "काकू नाहीत आज?"

"तिला काढलं गटानं," ते म्हणाले. "खिचडीचं काम गटाकडं आहे ना. गावात बोलतात की ती दुकानवाल्याला मिळाली होती. मुद्दाम बटण दाबलं म्हणे."

"काकूनं?"

"आता लोक म्हणतात. घरी कोणी पीत नाही, मग हिला एवढा पुळका कशाचा होता, असं. खरं-खोटं देव जाणे. सोयाबीन निंदायला जाते आता."

मी फोटो काढले. वह्या घेतलेली पोरं ओळीनं उभी केली, हसा म्हणालो. हेडमास्तरांनी चहा दिला, तो प्यालो. सांगायला माणूस समोर होता, वेळ होता, आणि मी गाडीला किक मारून निघालो. वाटेत निंदणाऱ्या बायका दिसल्या. त्यांच्यात ती होती की नाही ते पाहायला मी मान वळवली नाही.

वर्ष संपल्यावर बायकांनी पुन्हा अर्ज दिला. शूटिंगला त्या माझ्याकडं आल्या नाहीत, उमरखेडहून दुसरा माणूस नेला. तपासणीत त्या पुरल्या, मतदान झालं, दारूबंदीची निशाणी असलेली आडवी बाटली जिंकली आणि दुकान बंद झालं. हे मला अध्यक्षबाईनं सांगितलं, लेकीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला आली तेव्हा. मी विचारलं, "खिचडीवाली काकू आलती का मतदानाले?"

"आलती," ती म्हणाली. "मत देल्लं अन् गेली. कोनाशी बोलली नाही. आमी बी नाही बोललो."

मी लेकीचे फोटो कापून पाकिटात घातले आणि पैसे घेतले. आता तर दुकान बंद झालं, असं मी स्वतःला म्हणालो. पण बंद व्हायला दीड वर्ष जास्त लागलं होतं, आणि त्या दीड वर्षात त्या गावच्या घरांत काय काय झालं असेल ते मला मोजता येणार नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. कॅमेरा मोडीत गेला. लग्नाची शूटिंग ड्रोनवाल्यांकडं गेली. सरकारी काम मात्र चालू राहिलं.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. बाजाराचा दिवस नव्हता, दुकानात कुणी नव्हतं. दारात काकू उभी. केस पूर्ण पांढरे, हातात कागदांची पिशवी. निराधार पेन्शनच्या कागदांना फोटो हवा होता. म्हातारा वारला होता. तिनं मला ओळखलं, "बरे हा ना, भाऊ?" म्हणाली आणि स्टुलावर बसली.

आता मी मोबाईलनंच फोटो काढतो. दिवा नीट लावायला मला हात मोकळे हवे होते, म्हणून सहज मोबाईल तिच्यापुढं केला. "काकू, एवढा धरा एक मिनिट."

तिनं दोन्ही हात झटकन पदराखाली घेतले. "नको बापा. माह्या हातानं बिघडते."

"काय बिघडतं?"

"मशीन. मी नाही लावत हात. पोरानं पुन्याहून मोबाईल पाठोला, तो बी तसाच हाय. त्याचा फोन आला का शेजारच्या पोरीले बलावतो, ते बटन दाबते अन् माह्या कानाले लावते. ते शाळेत गेली असली तं वाजते अन् बंद होते." ती हसली. "लोकाचं एवढं मोठं काम माह्या एका बटनानं गेलं ना, भाऊ. तवापासून नाही."

मी दिवा खाली ठेवला. समोरची खुर्ची ओढून बसलो आणि सांगितलं. सांगणं सोपं गेलं नाही, कारण तिला आधी कळेचना. भोक म्हणजे काय, घड्याळ पहिल्यावर जातं म्हणजे काय, मला सगळं समजावून सांगावं लागलं. आपलाच गुन्हा दोन-दोनदा, सोप्या शब्दांत सांगावा लागला. मी कागदावर फुल्या काढून दाखवल्या. शेवटी ती म्हणाली, "म्हंजे मी पिन देल्ली तवा?"

"हो."

"तवाच गेलती तारीख?"

"तेव्हाच. तुमच्या मांडीवर काहीच झालं नाही, काकू. तुमच्याकडून बटण दाबल्या गेलंच नाही. ते बटण असं दाबल्या जातच नाही, टाचणी लागते."

ती कागदावरच्या फुल्यांकडं पाहत होती. "अन् तुले हे मालूम होतं? तिथं, साहेबापुढं?"

इतकी वर्षं ती मला 'तुमी' म्हणत आली होती.

"माहीत होतं."

"मंग काहून नाही बोलला?"

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं.

तिनं फुल्यांचा कागद दुमडून टेबलावर ठेवला. रडली नाही. मला वाटत होतं रडेल, किंवा शिव्या देईल, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो. मग ती म्हणाली, "फोटो काढ. कचेरी बंद होईन."

मी फोटो काढला. छापून, कापून पाकिटात घातला. दारातून उतरताना ती म्हणाली, "शनिवारी गटाची मीटिंग असते. मले नाही सांगाचं, त्याहीले येऊन सांग."

त्या शनिवारी मी गेलो. जायच्या आधी दोनदा गाडी बाहेर काढून परत आत लावली. मीटिंग अध्यक्षबाईच्या ओसरीत होती. पंधरा-वीस बायका, बऱ्याच आता म्हाताऱ्या, काही नव्या सुना. काकू दाराच्या चौकटीला टेकून, जरा बाहेरच बसली होती. अध्यक्षबाई शेजारच्या बाईला सांगत होती की आज काकूला कुणी बोलावलं नव्हतं, ती आपणच आली आहे.

मी उभं राहून बोललो. संपल्यावर एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "आमी तिले काय काय बोललो वं बाई." दुसरी तिला म्हणाली, "तू तं तिच्या दारातून पानी नेनं बंद केलतं." मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या, एकमेकींवर. मी आहे हे थोडा वेळ त्या विसरल्या.

अध्यक्षबाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि गटाची वही माझ्यापुढं सरकवली. "लिहून दे."

मी लिहिलं. तिनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. 'कॅमेऱ्याची तारीख लावण्यात माझ्याकडून चूक झाली.' ती थांबली.

"झाली नाही. केली लिही. अन् साहेबापुढं तू खोटं बोलला, ते कुठं हाय यात?"

मी खोडून पुन्हा लिहिलं. 'तारीख मी लावली नाही. सुनावणीत मी खोटं बोललो. या बाईंनी कोणतंही बटण दाबलेलं नव्हतं.' खाली सही केली. अध्यक्षबाईनं तेही वाचलं, आणि वही एकेकीकडं फिरली. वाचता येणाऱ्यांनी वाचलं, न येणाऱ्यांनी नुसती धरून पाहिली.

वही चौकटीपाशी पोचली तेव्हा काकू उठली होती. बकऱ्या यायची वेळ झाली, असं काहीतरी म्हणाली. अध्यक्षबाई तिच्या मागं अंगणात गेली. दोघी कडुलिंबाखाली उभ्या होत्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. अध्यक्षबाईनं तिच्या हाताला धरलं होतं एवढं दिसलं, आणि काकूनं थोड्या वेळानं हात सोडवून घेतला.

परत येताना मला हलकं वाटेल असं मला वाटत होतं. लोक असं सांगतात. मला तसं वाटलं नाही. मी फक्त माझं एक काम दहा वर्षं उशिरा केलं होतं, आणि तेही तिनं हात पदराखाली घेतले नसते तर केलं असतं की नाही, मला सांगता येत नाही. सरकारी काम मी अजूनही सोडलेलं नाही. घर त्याच्यावर चालतं.

परवा अध्यक्षबाई झेरॉक्सला आली होती. मी विचारलं. तिनं सांगितलं की गटानं काकूला खिचडीचं काम परत देऊ केलं, पण गुडघे चालत नाहीत म्हणून तिनं नाही म्हटलं. शनिवारच्या मीटिंगला मात्र ती येते आता, आत, सगळ्यांच्या मधोमध बसते.

"माझ्याबद्दल काही बोलते का?" मी विचारलं.

अध्यक्षबाईनं झेरॉक्सचे कागद सारखे केले. "नाही," ती म्हणाली. "तुहा विषय निंगाला का ते उठून जाते."